आलेखाचे प्रमाण

नकाशा हाती आला की प्रथम त्याचे प्रमाण पाहावे, असे मी भूगोलाच्या तासाला दरवर्षी सांगत असतो. परंतु हा धडा माझाच किती कच्चा होता, याचा प्रत्यय मला वडिलांच्या कार्डिओग्रामने आणून दिला.

वार्षिक तपासणीचा तो कागद मी रात्री उशिरा घरी आणला. दोन उंच शिखरांमधील मोठे चौकोन मोजावेत व त्या संख्येने ३०० ला भागावे, म्हणजे मिनिटाचे ठोके मिळतात, असे मी एका पुस्तकात वाचले होते. मोजले, तर आठ चौकोन भरले. म्हणजे ठोके अवघे ३७! गतवर्षीच्या कागदावर चारच चौकोन होते, म्हणजे ७५ ठोके. वर्षभरात हृदय निम्म्यावर आले की काय? वडील शांत झोपले होते. त्यांना उठवून सांगणार तरी काय? माझा मात्र डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी त्यांचे मनगट धरून घड्याळ लावून नाडी मोजली. पुरत्या मिनिटात ७४! "अरे, मला काय धाड भरली आहे?" असे म्हणून ते चहा प्यायला गेले. मी कागद घेऊन डॉक्टरांकडे धावलो. त्यांनी कागदाच्या तळाशी असलेल्या बारीक अक्षरांवर बोट ठेवले. तेथे सेकंदाला ५० मिलिमीटर असा वेग छापलेला होता. जुन्या कागदावर तो २५ होता.

विद्यार्थी मित्रहो, येथे थोडे गणित करू. नेहमीच्या २५ मिलिमीटर वेगाने ५ मिलिमीटरचा मोठा चौकोन ०.२ सेकंदात सरतो. असे चौकोन सेकंदाला पाच, म्हणजे मिनिटाला ३०० होतात. सूत्रातील ३०० तो हाच. वेग दुप्पट केला की ही संख्या ६०० होते. तिला आठाने भागले की ७५ येतात. ठोके जलद पडून तरंगांची दाटी झाली, तर ते सुटे दिसावेत म्हणून वेग मुद्दाम वाढवितात. आधीच्या रुग्णासाठी फिरविलेली कळ तशीच राहिली असावी, असे डॉक्टर म्हणाले.

उंचीचेही असेच आहे. सामान्यतः १ मिलिव्होल्ट म्हणजे १० मिलिमीटर उंची. तरंग फार उंच असून एकमेकांत घुसत असतील, तर हे प्रमाण निम्मे करतात. त्याची साक्ष म्हणून कागदावर एक चौकोनी खूण उमटते. ती दहा मिलिमीटर उंच आहे ना, हे आधी पाहावे. अन्यथा धडधाकट तरंगही खुजे भासतील.

तिसरी कळ फिल्टरची. स्नायूंच्या थरथरीने व विजेच्या प्रवाहाने रेषेत येणारी कुरकुर ती गाळते. पण गाळणी फार बारीक लावली, तर शिखरांची टोके बोथट होतात. आणि संथ लहरी अधिक गाळल्या, तर ठोक्यानंतरची आडवी रेषा प्रत्यक्षाहून वर किंवा खाली सरकलेली दिसू शकते. हृदयविकाराच्या झटक्याच्या निदानात याच रेषेला मोठे महत्त्व असते. म्हणून रेषा गुळगुळीत दिसली की ती अधिक खरी, असे समजण्याचे कारण नाही.

लायडनचे शास्त्रज्ञ विलेम आइंटहोव्हेन यांना हृदयालेखाच्या कार्याबद्दल १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनी दिलेली पी, क्यू, आर, एस, टी ही तरंगांची नावे आजही जगभर चालतात. नावे सर्वत्र तीच असली, तरी त्यांचे माप मात्र प्रत्येक कागदावर नव्याने तपासावे लागते.

अर्थात, निदान करणे हे डॉक्टरांचे काम. माझ्यासारख्याने सूत्र पाठ करून ते हाती घेऊ नये. आता वडिलांचे दोन्ही कागद मी एकाच पाकिटात ठेवले असून, त्या पाकिटावर दोघांचा वेग शाईने ठळक लिहिला आहे.