ऋण काढून सण : सुट्टीतल्या महागड्या भेटीचा हिशेब



'ऋण काढून सण करणे' हा वाक्प्रचार आपण सर्वांनी अर्थासह पाठ केला आहे. परीक्षेत त्याला एक गुण असतो. मला त्याचा अर्थ गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत बाबांच्या क्रेडिट कार्डाच्या बिलावरून कळला. त्या बिलाचा अभ्यास मी या लेखात मांडत आहे. गणित आपल्याला येते तेवढेच आहे आणि आकडे आमच्या घरचे आहेत. बाबांना विचारूनच लिहीत आहे.

मागणी

माझे बाबा सैन्यात हवालदार आहेत. ते त्यांच्या युनिटमध्ये, मी इथे वसतिगृहात आणि आई व धाकटी बहीण सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी, असे आमचे घर तीन ठिकाणी असते. मागच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी, रविवारी फोन करण्याची माझी पाळी आली तेव्हा मी बाबांना म्हणालो, "बाबा, सगळ्यांकडं स्वतःचा मोबाइल आहे. फक्त माझ्याकडंच नाही."

हे खरे नव्हते. आमच्या डॉर्मिटरीत आम्ही २२ जण आहोत. नंतर मी बोटांवर मोजले, तर स्वतःचा मोबाइल असणारे पाच निघाले. त्या पाच जणांचे मोबाइलही घरीच होते, कारण वसतिगृहात मोबाइल ठेवायला परवानगीच नाही. पण मागणी करताना आपण 'काही जण' म्हणत नाही, 'सगळे' म्हणतो.

बाबांनी किंमत विचारली आणि थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तू तिकडं, मी इकडं. वर्षातनं एकदा मागतोयस. नाही कसं म्हणू?" दिवाळीत मोबाइल आला. किंमत २४,००० रुपये.

बोनस आणि किंमत

दिवाळीला बोनस मिळतो, त्यातून भेट येते, असे मला लहानपणापासून वाटायचे. म्हणून आधी बोनसचा हिशेब पाहू.

१९६५ च्या बोनस कायद्यात पुढे दुरुस्ती होऊन कारखाने आणि आस्थापनांतील पात्र कामगारांसाठी किमान बोनस ८.३३ टक्के झाला. हा आकडा विचित्र वाटतो, पण १०० ला १२ ने भागा. वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा म्हणजे एका महिन्याचा पगार.

सैनिकांसाठी वेगळी पद्धत आहे. केंद्र सरकार गट 'क' आणि अराजपत्रित गट 'ब' मधील कर्मचाऱ्यांना ३० दिवसांचा तदर्थ बोनस देते. तो सैन्यदलांतील पात्र जवानांनाही मिळतो. मात्र प्रत्यक्ष पगार कितीही असला, तरी हिशेबासाठी महिन्याचा पगार जास्तीत जास्त ७,००० रुपये धरतात आणि महिन्याचे सरासरी दिवस ३०.४ मानतात.

७,००० × ३० ÷ ३०.४ = ६,९०८ रुपये (पूर्ण रुपयांत)

आता २४,००० ला ६,९०८ ने भागा. उत्तर जवळजवळ साडेतीन येते. म्हणजे माझ्या एका मागणीला बाबांचे साडेतीन वर्षांचे बोनस लागले असते. त्याच बोनसमधून आईची साडी, बहिणीचा फ्रॉक, फराळाचे सामान आणि आजीची ओवाळणी व्हायची होती. उरलेली रक्कम कुठून आली, हे तेव्हा मी विचारलेच नाही.

'नो कॉस्ट' हप्त्याची किंमत

मे महिन्यात बाबा रजेवर आले होते. एका संध्याकाळी त्यांनी कार्डाचे बिल माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाले, "हप्ता बिनव्याजी म्हणाले होते. मग हा जीएसटी कशावर लावलाय बघ जरा." मला उत्तर देता आले नाही. शाळेत परत आल्यावर गणिताच्या सरांच्या मदतीने ते सोडवले.

'नो कॉस्ट ईएमआय' म्हणजे किमतीचे १२ समान भाग. २४,००० चे १२ भाग, प्रत्येकी २,००० रुपये. वरवर पाहता एक रुपयाही जास्त नाही. पण बँक फुकट कर्ज देत नाही. आत असे घडते :

१) बँक वर्षाला समजा १५ टक्के, म्हणजे महिन्याला १.२५ टक्के व्याज लावते.

२) दरमहा २,००० रुपयांच्या १२ हप्त्यांत या दराने सुमारे २२,१५९ रुपयांचेच कर्ज फिटते. म्हणून विक्रेता २४,००० मधून १,८४१ रुपयांची सूट दाखवतो आणि कर्ज २२,१५९ रुपयांचे होते.

३) ती १,८४१ रुपयांची सूट पुढे १२ महिन्यांत व्याज म्हणून बँकेकडे जाते. बेरीज पुन्हा २४,०००.

४) क्रेडिट कार्डाच्या हप्त्यातील व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो. १,८४१ चे १८ टक्के म्हणजे ३३१ रुपये.

५) प्रक्रिया शुल्क १९९ रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून २३५ रुपये.

एकूण जादा खर्च ३३१ + २३५ = ५६६ रुपये. बाबांनी विचारलेला जीएसटी तो हाच. व्याज दिसत नव्हते, पण त्यावरचा कर दिसत होता. ज्या दुकानात रोख पैसे दिल्यावर किंमत कमी होते, तिथे ती सूट गेली हेही नुकसानात धरावे लागेल.

भारतीय रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना कळवले होते की, शून्य टक्के व्याज ही गोष्ट अस्तित्वातच नाही. व्याज कोणीतरी भरतेच. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्र सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांना सणासाठी १०,००० रुपयांची बिनव्याजी उचल दिली होती. ती जास्तीत जास्त १० हप्त्यांत फेडायची होती. तिथे व्याजाचा भार सरकारने उचलला. दुकानातल्या हप्त्यात मात्र तो बहुधा किमतीत किंवा गेलेल्या सवलतीत लपलेला असतो.

आता हेच उलट करून पाहू. आधी दरमहा २,००० रुपये आवर्ती ठेवीत, म्हणजे आरडीत, टाकले आणि वर्षानंतर मोबाइल घेतला तर? पहिला हप्ता १२ महिने राहतो, दुसरा ११, आणि शेवटचा १. त्यांची बेरीज ७८. व्याजदर ६.५ टक्के धरला, तर साध्या व्याजाने २,००० × ७८ × ६.५ ÷ (१२ × १००) = ८४५ रुपये मिळतात. एका मार्गाने ५६६ रुपये जातात, दुसऱ्याने ८४५ येतात. फरक १,४११ रुपयांचा, आणि तो फक्त वर्षभर थांबण्याचा.

हा आकडा मी मुद्दाम लक्षात ठेवला आहे. कारण त्याच जून महिन्यात बहिणीच्या शाळेची फी आली आणि आईने स्वतःचा चष्मा पुढे ढकलला. आई गावात ब्लाऊज शिवते. सुईत दोरा ओवताना ती सुई हात लांब करून धरायची आणि शेवटी बहिणीला हाक मारायची. चष्म्याला सुमारे १,८०० रुपये लागणार होते, म्हणजे एका हप्त्यापेक्षा कमी. "दिवाळीनंतर बघू," असे ती म्हणाली. दिवाळीनंतर का, हे मला बिल वाचल्यामुळे कळले. शेवटचा हप्ता ऑक्टोबरमध्ये होता.

वस्तू वापरली किती?

किंमत ठरवताना आपण वापराचे दिवस मोजत नाही. वसतिगृहातल्या मुलाने ते आधी मोजले पाहिजेत. आपली दिवाळीची सुट्टी साधारण २० दिवस आणि उन्हाळ्याची ५० दिवस. वर्षाचे ७० दिवस. उरलेले २९५ दिवस माझा मोबाइल आईच्या कपाटात, साड्यांच्या घडीखाली. दोन वर्षांचे १४० दिवस धरले तर २४,५६६ ÷ १४० = १७५ रुपये रोज. तोपर्यंत नवे मॉडेल येते आणि जुन्याची किंमत उतरते.

त्याच दिवाळीत बाबांना ११ दिवसांची रजा मिळाली होती. त्यातले चार दिवस आम्ही तिघांनी अंगणात प्रतापगड बांधला. माती शेतातली, दगड ओढ्यातले. हळीव, मावळे आणि रंग मिळून १८० रुपये लागले. बुरूज दोनदा ढासळला. तेव्हा बाबांनी मातीत पेंढा कालवायला शिकवले आणि युनिटमध्ये मोर्चा कसा बांधतात तेही सांगितले. त्या चार दिवसांत मोबाइल मी किल्ल्याचे फोटो काढायला हातात घेतला, एवढेच आठवते.

आई-बाबा 'नाही' का म्हणत नाहीत?

मला वाटते, आपल्यासारख्या मुलांच्या पालकांना 'नाही' म्हणणे जास्त जड जाते. वर्षातले कितीतरी दिवस ते आपल्याजवळ नसतात. आजारपणात नाहीत, वाढदिवसाला नाहीत, कधी कधी स्नेहसंमेलनालाही नाहीत. त्या सगळ्या दिवसांची भरपाई त्यांना एकाच सुट्टीत करायची असते. आपण हे ओळखतो, आणि खरे सांगायचे तर कधी कधी त्याचा फायदाही घेतो. मी घेतला.

दुसरे कारण आपणच आहोत. शाळेत सर्वांना एकच गणवेश, एकच बूट, एकच ट्रंक. कोणाचे वडील अधिकारी आणि कोणाचे जवान हे कवायतीच्या मैदानावर ओळखू येत नाही. पण सुट्टीवरून परतल्यावर पहिला आठवडा "तुला काय मिळालं?" हाच प्रश्न चालतो. तेवढ्या आठवड्यात आपण पुन्हा वेगवेगळे होतो. ज्याला काही मिळालेले नसते, तो पुढच्या रविवारी घरी फोन करून "सगळ्यांकडं आहे" असे म्हणतो.

सणाची भेट पूर्वी एवढी महाग नसावी. आमच्याच डॉर्मिटरीत चौकशी केली. केरळच्या मित्राला विषूच्या सकाळी घरातले मोठे लोक 'कैनीट्टम' म्हणून नाणी देतात. बंगालच्या मित्राला दुर्गापूजेला नवे कपडे मिळतात. ईदला ईदी असते. आसामात बोहाग बिहूला हाताने विणलेला गामोसा प्रेमाने देतात. आपल्याकडे भाऊबीजेची ओवाळणी. या सगळ्यांत देणाऱ्याचा हात महत्त्वाचा, रक्कम नाही. यांपैकी कशालाच बारा हप्ते लागत नव्हते.

मग महाग भेट नकोच का?

असे मी म्हणणार नाही. एका मित्राला त्याच्या मामांनी चांगली हॉकी स्टिक दिली. ती महाग होती, पण तो रोज संध्याकाळी तिच्याने खेळतो. रोज वापरात येणारी, दुरुस्त होणारी आणि घरातल्या दुसऱ्या कोणाची गरज न अडवणारी वस्तू महाग असली तरी चालेल. पालकांना देण्यात आनंद होतो, तोही खोटा नसतो. बाबांनी खोका माझ्या हातात दिला तेव्हाचा त्यांचा चेहरा मला आठवतो. म्हणूनच त्यांच्याकडे काय मागायचे, हे जपून ठरवले पाहिजे.

काही मागण्यापूर्वी मी आता चार प्रश्न कागदावर लिहितो :

१) वर्षातले किती दिवस मी ही वस्तू वापरणार?
२) ती रोख घेता येईल की हप्त्यावर? हप्ता कोणत्या महिन्यापर्यंत चालेल?
३) त्या महिन्यांत घरात दुसरा कोणता खर्च ठरलेला आहे?
४) 'सगळ्यांकडे' म्हणजे नेमके किती जणांकडे?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर आधी लिहावे. बऱ्याच वेळा बाकीचे तीन लिहावेच लागत नाहीत.

पालकांनाही एक नम्र विनंती. हप्ता आमच्यापासून लपवू नका. आम्हाला नकाशावाचन शिकवतात, घराचे बिल वाचायलाही आम्ही शिकू शकतो. मला ते बिल एक वर्ष आधी दाखवले असते, तर मी मोबाइल मागितला नसता, असे छातीठोकपणे सांगत नाही. पण आईच्या चष्म्यानंतर मागितला असता.

शेवटचा हप्ता फिटला आहे. आईचा चष्मा आला आहे. मोबाइल आता माझा एकट्याचा राहिला नाही. बहीण त्यावर अभ्यासाचे धडे पाहते आणि आई बाबांशी बोलते, त्यामुळे त्याचे वापराचे दिवस ७० वरून ३६५ झाले आहेत. या वर्षी रविवारच्या फोनवर बाबांनी आपणहून विचारले, "काय आणू?" मी त्यांना रजेच्या तारखा विचारल्या आणि म्हणालो, "बाबा, या वेळी राजगड करू. तीन माच्या आहेत, चार दिवस पुरणार नाहीत. रजा थोडी वाढवून मिळते का बघा."