टेपवर प्रत घेताना संगणक का थिजतो?

संगणकाच्या तासाला एक चांगला प्रश्न निघाला होता: जो बिघाड कधी येतो आणि कधी येत नाही, तो पकडायचा कसा? उत्तरासाठी आम्ही आपल्याच कार्यालयाचे जुने उदाहरण घेत आहोत.

२००७ सालापर्यंत फी, पगार आणि अंकसूच्या एका युनिक्स संगणकावर असत. रोज संध्याकाळी त्यांची प्रत टेपवर घेतली जाई. २००३ मध्ये बाहेरून जोडायची नवी टेप-ड्राइव्ह आली आणि आठवड्यातून दोनदा तरी प्रत चालू असताना संगणक थिजू लागला. बडे बाबू वीज बंद करीत, सकाळी सगळे ठीक चाले. पालकांनी व विश्वस्तांनी इथे लक्ष द्यावे. काम खोळंबणे ही लहान गोष्ट होती. वीज तोडली की त्या दिवसाची टेप अर्धवट राही, आणि तारखेची चिठ्ठी लागून तीही अलमारीत जाई. डिस्क खराब झाली असती तर कोणत्या टेपवर विसंबायचे?

आधी पाहिले की नेमके काय थिजते. दुसऱ्या संगणकावरून ‘पिंग’ केले तर उत्तर येई, पण लॉगिन पुढे सरकत नसे. पिंगचे उत्तर कर्नल मेमरीतूनच देतो, लॉगिनला डिस्क वाचावी लागते. म्हणजे कर्नल जिवंत होता, डिस्कची वाट अडली होती.

वाट का अडावी? डिस्क आणि टेप दोन्ही एकाच स्कझी केबलवर होत्या. स्कझीचे पहिले मानक १९८६ चे. त्यात एका केबलवर ० ते ७ असे आठ क्रमांक, पण एका वेळी दोघांनाच बोलता येते. टेप गुंडाळायला वेळ लागतो, तेवढा वेळ ड्राइव्हने केबल मोकळी सोडायची असते. ही सोय बंद असेल तर डिस्क ताटकळत राहते. आमच्याकडे ती चालू होती, हे आधी तपासून घेतले.

मग दोन भाग वेगळे केले. तोच डेटा टेपऐवजी ‘डेव्ह-नल’कडे पाठवला, म्हणजे वाचायचा आणि टाकून द्यायचा. (आजच्या लिनक्सवरचा ग्नू टार इथे चलाखी करतो, डेव्ह-नल ओळखून फायली वाचतच नाही, तेव्हा मध्ये ‘कॅट’चा पाइप लावावा.) अनेक रात्री संगणक अडकला नाही. मग कोऱ्या टेपवर नुसते लिहून पाहिले, तेव्हा अडकला. पुरावा लॉगमध्ये शोधला तर तिथे काही नाही. साहजिकच, लॉगही डिस्कवरच लिहिला जातो! कन्सोलच्या पडद्यावर मात्र ‘टाइमआउट’ आणि ‘बस रीसेट’ या ओळी दिसल्या. त्या पेन्सिलीने वेळेसह उतरवल्या.

आता भौतिकशास्त्र. दोरीचे एक टोक भिंतीला बांधून झटका द्या, लाट परत येते. केबलमध्ये विद्युत संकेताचेही तसेच होते. म्हणून केबलच्या दोन्ही टोकांना टर्मिनेटर लावतात, तो लाट शोषून घेतो. तो फक्त टोकांना हवा, मध्ये नको. पूर्वी स्कझी कार्ड स्वतःच एक टोक होते. एका बाजूला डिस्क होतीच, दुसऱ्या बाजूला टेप आली तेव्हा कार्ड मधोमध आले, पण त्याचे टर्मिनेशन जोडणाऱ्या कारागिराने चालूच ठेवले होते. असे तीन टर्मिनेटर झाले की संकेत कमजोर पडतो. थोड्या कामात निभावते, टेप भरधाव लिहू लागली की कधीतरी चुकते. ‘कधी येतो, कधी नाही’ याचे कारण हेच.

कार्डाचे टर्मिनेशन बंद केले. त्याच दिवशी केबलही बदलावी असे काहींचे मत होते, ते आम्ही मानले नाही. दोन गोष्टी एकदम बदलल्या असत्या तर दोष कशात होता ते कळले नसते. आणि आठवड्यातून दोनदा येणारा बिघाड तीन दिवस आला नाही, एवढ्याने काही सिद्ध होत नाही. पूर्ण महिना वाट पाहिली. तो आला नाही.

नंतर अलमारीतली प्रत्येक टेप दुसऱ्या डिस्कवर उतरवून पाहिली. ज्या अर्धवट निघाल्या त्यांच्या चिठ्ठ्या काढून टाकल्या, आणि उतरवून पाहिल्याशिवाय नवी चिठ्ठी लावायची नाही, असे बडे बाबूंनी वहीत लिहून ठेवले.