‘त्याच रस्त्याने परत’



गेल्या महिन्यात नववी-दहावीच्या एकत्र भूगोलाच्या तासाला मी मुलांना एक कागदी प्रवास दिला होता. ठिकाण अलास्का. वेळ एप्रिलअखेरची, म्हणजे तिकडे वसंताची नुकती चाहूल लागते तेव्हाची. प्रवासी एकटा. वाट म्हणजे हीली या लहान गावाजवळून पश्चिमेकडे रानात शिरणारी ‘स्टॅम्पीड ट्रेल’. काय न्याल, कसे जाल, किती दिवस राहाल, ते एका पानावर लिहा, एवढेच सांगितले होते.

मुलांनी मन लावून लिहिले. स्वेटर, टॉर्च, काडेपेटी, मॅगीची पाकिटे, अस्वल आले तर काय करायचे, सगळे होते. एका मुलीने तर मोज्यांचे जोडसुद्धा मोजले होते. पण परतीबद्दल जवळजवळ प्रत्येक कागदावर एकच ओळ होती : ‘त्याच रस्त्याने परत.’ आजचा पाठ या एका ओळीवर आहे.

अलास्काचा हा भाग साधारण ६४ अंश उत्तर अक्षांशावर येतो. एप्रिलअखेर तिथे दिवस सोळा तासांहून मोठा असतो, पण रात्री पारा शून्याखाली उतरतो. त्यामुळे बर्फाचे वागणे दिवसात दोनदा बदलते. पहाटे वरचा थर कडक असतो, त्यावरून भराभर चालता येते. दुपारी तोच थर मऊ पडतो आणि पाय मांडीपर्यंत आत जातो. म्हणून जाणकार माणूस पहाटे चालतो आणि दुपारी थांबतो. नद्या, तळी, दलदल सगळे गोठलेले, म्हणजे जिथे उन्हाळ्यात पाऊल टाकता येत नाही तिथे या दिवसांत सरळ वाट मिळते. पुढे मे महिन्याच्या सुमारास नद्यांवरचे बर्फ कडाकडा फुटून वाहू लागते. याला तिकडे ‘ब्रेकअप’ म्हणतात. हा शब्द फळ्यावर लिहिला तेव्हा दहावीच्या वर्गात हशा पिकला. पिकू दे, शब्द तरी लक्षात राहील.

ही घटना तिथे इतकी मोठी मानतात की नेनाना गावी १९१७ पासून तिच्यावर पैज लागते. टनाना नदीच्या बर्फावर लाकडी तिकाटणे उभे करतात, त्याला दोर बांधून तो काठावरच्या घड्याळाला जोडतात. बर्फ हलले की घड्याळ थांबते. ज्याने दिवस, तास, मिनिट सर्वांत जवळचे सांगितले तो जिंकला. शंभर वर्षांहून जुनी ही नोंद हवामानाच्या अभ्यासकांनाही उपयोगी पडते. २०१३ साली बर्फ २० मेपर्यंत टिकले होते, तर २०१९ साली १४ एप्रिललाच गेले. एकाच नदीच्या तारखेत महिन्याहून जास्त फरक! अमुक तारखेपर्यंत बर्फ राहीलच, असे गृहीत धरून निघणाऱ्याने हे दोन आकडे आधी पाहावेत.

आता या वाटेवरची खरी गोष्ट. २८ एप्रिल १९९२ रोजी ख्रिस्तोफर मॅककॅन्डलेस नावाचा २४ वर्षांचा अमेरिकन पदवीधर एकटाच या वाटेने आत गेला. वाटेत टेक्लानिका नदी लागली. काठांना बर्फ होते, मधले पाणी इतके कमी की चालत ओलांडता आले. पुढे रानात एक जुनी बस उभी होती. १९६१ मध्ये रस्त्याच्या कामावरच्या मजुरांच्या निवाऱ्यासाठी ती तिथे नेली होती. त्याने तिथेच मुक्काम केला. दोन महिने शिकार करून, कंदमुळे खाऊन काढले आणि जुलैच्या सुरुवातीला तो परत निघाला. येताना जिथे गोठलेले तळे ओलांडले होते तिथे खोल पाणी साचले होते, आणि टेक्लानिका दुथडी भरून धावत होती. तो मागे फिरला, पुन्हा बसमध्ये गेला. ६ सप्टेंबरला शिकाऱ्यांना त्याचा मृतदेह सापडला. वजन जेमतेम तीस किलो उरले होते. काही विषारी बिया खाण्यात आल्या का, यावर तज्ज्ञांत अजून मतभेद आहेत. उपासमार मात्र निश्चित.

‘सर, जुलैत नदीला पूर कसा? तेव्हा तर बर्फ वितळून गेलेले असते ना?’ असे एका मुलाने विचारले. प्रश्न चांगला आहे. वितळून जाते ते हिवाळ्यात पडलेले बर्फ. टेक्लानिका हिमनदीतून निघते, आणि ऊन जितके कडक तितकी हिमनदी जास्त वितळते. त्यामुळे अशा नद्या भर उन्हाळ्यात सर्वांत मोठ्या असतात. दिवसातही पहाटे पाणी कमी आणि दुपारनंतर जास्त. आपल्याकडे लाहौल-स्पितीचे ड्रायव्हर नाले सकाळी लवकर पार करतात ते याचसाठी. आपल्या भागातली नर्मदा परिक्रमा करणारी मंडळीही चातुर्मासात चालणे थांबवून एका जागी मुक्काम करतात. तिथे कारण पावसाचे आहे, पण वाट महिन्यागणिक बदलते हे त्यांनी कधीचे ओळखले आहे.

आणखी एक गोष्ट मुलांना फार लागली. मॅककॅन्डलेस नदीकाठी अडकला तिथून जवळच, मैलभराच्या आत, तारेवरून हाताने ओढत पलीकडे जायचा एक पाळणा होता. पाणी मोजणाऱ्यांनी बसवलेला. पण त्याच्याजवळ त्या भागाचा तपशीलवार नकाशा नव्हता. वनस्पतींचे पुस्तक होते, कादंबऱ्या होत्या. नकाशा नव्हता.

तांदळाचे गणितही आम्ही फळ्यावर केले. त्याने सुमारे साडेचार किलो तांदूळ नेला होता. एक किलो तांदूळ म्हणजे साधारण ३५०० कॅलरी, तर एकूण १५,७५०. थंडीत ओझे घेऊन चालणाऱ्याला दिवसाला ३००० तरी लागतात. भागाकार करा : पाच दिवसांचे जेवण. तो आत सुमारे ११३ दिवस जगला. जूनमध्ये त्याला मूस हा मोठा सांबरासारखा प्राणी मिळाला, पण मांस टिकवता आले नाही, किडे पडले.

एका पालकांनी मला विचारले की घर सोडून गेलेल्या मुलाची गोष्ट मुलांना कशाला सांगता. त्यांची काळजी मी समजतो. मी त्याला वीर मानत नाही. पण मूर्खही म्हणणार नाही, शंभराहून अधिक दिवस त्या रानात काढणे ऐऱ्यागैऱ्याचे काम नाही. माझी तक्रार वेगळी आहे. तो कुठे आहे हे घरी कुणालाच ठाऊक नव्हते, त्यामुळे जुलैत कुणी त्याला शोधायला निघाले नाही. रानात जाणाऱ्याने एक कागद मागे ठेवायचा असतो : कोणत्या वाटेने चाललो, कोणत्या तारखेला परतणार, आणि कोणत्या तारखेनंतर शोध सुरू करावा. मोबाईलला तिथे सिग्नल नसतो. आज उपग्रहावरून संदेश देणारी लहान यंत्रे मिळतात, पण तो संदेश घेणारा माणूस आधी ठरवावा लागतोच.

पुढे १९९६ मध्ये या मुलावर पुस्तक आले, २००७ मध्ये सिनेमा, आणि बस पाहायला लोक जाऊ लागले. २०१० आणि २०१९ मध्ये प्रत्येकी एक तरुणी याच टेक्लानिकात बुडाली. दोघीही उन्हाळ्यात गेल्या होत्या. शेवटी १८ जून २०२० रोजी सरकारने हेलिकॉप्टरने बस उचलून नेली. आता ती फेअरबँक्सच्या विद्यापीठाच्या संग्रहालयात आहे. नदी अर्थात तिथेच आहे.

तर नववी-दहावीच्या मुलांनी कागद पुन्हा लिहायचा आहे. या वेळी शेवटापासून सुरुवात करा. आधी परतीची तारीख, मग त्या तारखेला वाटेवरचे प्रत्येक पाणी कसे असेल ते, मग अडल्यास दुसरी वाट, आणि सर्वांत शेवटी सामानाची यादी. खाण्याचे गणित किलोत नको, कॅलरीत करा. मागे ठेवायचा कागद वेगळा जोडा आणि तो कुणाच्या हाती देणार त्या नात्याचा उल्लेख करा. नकाशाच्या प्रती वाचनालयात ठेवल्या आहेत. कागद शनिवारपर्यंत वर्गशिक्षकांकडे द्यावेत. पालकांनी मदत केली तरी चालेल, फक्त अक्षर मुलाचे असावे.