सायंकाळची मासळी

प्रश्न : आम्ही उभयता नोकरीस असून घरी परतावयास सात वाजतात. मुलांना तळणाविना मासे कसे द्यावेत?

उत्तर : मासळी रांधणे वेळखाऊ, हा समज बहुधा ती साफ करण्याच्या खटाटोपातून उत्पन्न झाला असावा, कारण कोळणीकडूनच खवले, कल्ले व आतडी काढवून आणलेला बांगडा सकाळी हळद-मीठ लावून फ्रिजमध्ये ठेवला, तर सायंकाळी भात शिजेपर्यंत त्याचे तिखले सहज तयार होते. पसरट भांड्यात तुकडे एकेरी मांडून त्यांवर लाल तिखट, ठेचलेली तिरफळे, आमसुले, चमचाभर खोबरेल व थोडे पाणी घालावे आणि झाकण ठेवून मंद आचेवर दहा-बारा मिनिटे शिजवावे. डाव मात्र मुळीच घालू नये, भांडेच हलवावे, अन्यथा तुकड्यांचा चुरा होतो. मुलांसाठी तिखट निम्मे करावे.

बांगडा व तारली यांत ओमेगा-३ मेदाम्ले विपुल असतात. सुरमईचा काटा काढणे सोपे खरे, तथापि मोठ्या शिकारी माशांत पारा अधिक साठत असल्याने ती नित्याची करू नये. बांगड्याचा मधला काटा सबंध निघतो. बाजूचे बारीक काटे धाकट्याच्या ताटात वाढण्यापूर्वी बोटांनी चाचपून काढावेत, आणि हे काम, माझ्या मते, वडिलांकडे सोपवण्यास कोणतीच हरकत नसावी.