दम ऐकू आला नाही

त्या वर्षी आमच्या शाळेचा कबड्डीचा संघ शेजारच्या तालुक्यातील एका गावी सामन्यासाठी गेला होता. उमरीहून आम्ही सकाळीच टेम्पोने निघालो. संघात बारा मुले, सोबत मी आणि जेवणाच्या डब्यांची एक मोठी पिशवी. आमच्या बाजूचा प्रेक्षक म्हणाल तर एकच होता, टेम्पोचा ड्रायव्हर.

मैदान चांगले होते. फक्कीने रेषा नीट आखल्या होत्या. सामना सुरू झाला तेव्हा प्रेक्षक रेषेपासून दूर उभे होते. मध्यंतराला आम्ही सहा गुणांनी पुढे होतो. मग गर्दी हळूहळू पुढे सरकू लागली. कुणी पत्र्याचे डबे आणले, कुणी शिट्ट्या. आमचा गडी चढाईला निघाला की चारी बाजूंनी एकच गलका होई. त्यांचा गडी निघाला की सारे गप्प! गुण कमी होत गेले. शेवटचे मिनिट उरले तेव्हा आम्ही एका गुणाने मागे होतो.

शेवटच्या चढाईला आमचा नववीतला सर्वांत चपळ मुलगा गेला. त्याने उजव्या कोपऱ्यातल्या गड्याला हात लावला आणि तो वळला. तेवढ्यात सरपंचांची शिट्टी वाजली. त्यांनी त्यालाच बाद दिले होते. कारण सांगितले, 'दम ऐकू आला नाही.' (कबड्डीतल्या मुख्य पंचाला सरपंच म्हणतात. ग्रामपंचायतीच्या सरपंचाशी त्याचा संबंध नाही. त्या दिवशी मात्र गावचे सरपंचही रेषेवरच उभे राहून ओरडत होते.)

कबड्डीचा नियम तुम्हांला माहीत आहेच. चढाई करणाऱ्याने 'कबड्डी, कबड्डी' हा उच्चार एका श्वासात, स्पष्टपणे आणि पंचांना ऐकू जाईल असा करायचा. यालाच दम म्हणतात. प्रतिपक्षाच्या अंगणात दम तुटला की गडी बाद. म्हणजे हा खेळ जितका हातापायांचा, तितकाच कानाचाही आहे. आमचा मुलगा रडकुंडीला येऊन सांगत होता, "सर, मी दम सोडलाच नाही." मी रेषेपासून पाच-सहा पावलांवर उभा होतो. खरे सांगायचे तर दम मलाही ऐकू आला नव्हता.

परतताना टेम्पोत कुणी बोलत नव्हते. मग एक मुलगा म्हणाला, "आपण आवाजाने हरलो." मी त्याला गप्प केले. हरलेल्या संघाला नेहमीच काहीतरी कारण सापडते, असे मला वाटले. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून गेले नाही. आवाजाने माणूस खरोखर हरतो का?

प्रथम आवाजाचे गणित पाहू. आवाजाची पातळी डेसिबलमध्ये मोजतात. आपले साधे बोलणे सुमारे ६० डेसिबल असते. १० डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची तीव्रता दहापट झाली, २० वाढले म्हणजे शंभरपट, ३० वाढले म्हणजे हजारपट. आणि मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. आता मुंबईच्या वानखेडे स्टेडियमसारखे क्रिकेटचे मैदान डोळ्यांसमोर आणा. खेळपट्टीपासून प्रेक्षक ६४ मीटर दूर आहे असे धरू. कबड्डीचे अंगण मात्र १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. तिथे रेषेवरचा प्रेक्षक चढाई करणाऱ्यापासून अनेकदा २ मीटरवरच असतो. २ चे ४, ४ चे ८, ८ चे १६, १६ चे ३२ आणि ३२ चे ६४. अंतर पाच वेळा दुप्पट झाले, म्हणजे आवाज ३० डेसिबलने उतरला. याचा अर्थ असा, की ६४ मीटरवर ओरडणारी हजार माणसे आणि कानाजवळ २ मीटरवर ओरडणारा एक माणूस, दोघांचा आवाज सारखाच! हे गणित मी फळ्यावर सोडवले तेव्हा वर्गातली मुले माझ्याकडे बघतच राहिली. स्टेडियममध्ये छपरावरून आणि भिंतींवरून आवाज परत फिरतो, त्यामुळे तिथला हिशेब थोडा बदलतो. तरी छोट्या गावातले छोटे मैदान पाहुण्या संघाला का भिववते, हे यातून कळते.

अमेरिकेत एक वेगळ्या प्रकारचा फुटबॉल खेळतात. त्यात चेंडू हातात घेऊन धावतात. तिथे महाविद्यालयांची मैदानेसुद्धा अवाढव्य असतात. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये एक लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात. या खेळात प्रत्येक डावाआधी संघाचा म्होरक्या ओरडून आपल्या गड्यांना इशारा देतो. नेमक्या त्याच वेळी घरचे प्रेक्षक आकाश डोक्यावर घेतात, म्हणजे पाहुण्यांना आपल्याच म्होरक्याचा शब्द ऐकू येऊ नये. मैदानात अकरा गडी असतात, म्हणून प्रेक्षकांना तिथे 'बारावा गडी' म्हणतात. व्यावसायिक संघांच्या सामन्यांतही हेच चालते. कॅन्सस सिटी शहरातल्या ॲरोहेड स्टेडियममध्ये २९ सप्टेंबर २०१४ रोजी १४२.२ डेसिबल इतका आवाज मोजला गेला, आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली. आपल्या उमरी स्टेशनातून न थांबता जाणाऱ्या गाडीचा भोंगा फलाटावर ऐकला की आपण कानांवर हात ठेवतो. तो भोंगासुद्धा याच्यापुढे काहीच नाही. पाहुणे संघ मग काय करतात? ते आवाज सोडून देतात आणि हाताच्या खुणांनी खेळतात. कबड्डीत ही सोय नाही. दम खुणेने घालता येत नाही.

आता पंचांकडे वळू. २००२ साली इंग्लंडमधील काही संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांनी ४० फुटबॉल पंचांना लिव्हरपूल आणि लेस्टर या संघांच्या सामन्यातील ४७ प्रसंगांची चित्रफीत दाखवली आणि प्रत्येक वेळी नियमभंग झाला की नाही, हे विचारले. काही पंचांना प्रेक्षकांच्या आवाजासह चित्रफीत दाखवली, तर काहींना आवाज बंद करून. सामना लिव्हरपूलच्या मैदानावरचा होता. ज्यांनी आवाज ऐकला, त्यांनी लिव्हरपूलच्या विरुद्ध सुमारे १५ टक्के कमी निर्णय दिले. हे पंच खोलीत बसले होते. त्यांच्यावर कुणी धावून येणार नव्हते, कुणी दगड मारणार नव्हते. तरीही हजारो लोक ओरडले की मनात शंका येते आणि शिट्टीकडे जाणारा हात थबकतो. २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे युरोपातील फुटबॉल सामने रिकाम्या स्टेडियममध्ये झाले. तेव्हा पाहुण्या संघांना मिळणारी पिवळी कार्डे कमी झाल्याचे आढळले. टेम्पोतला आमचा तो मुलगा अगदीच चुकीचे बोलला नव्हता.

आवाजाचा मारा केवळ परक्यांवरच होतो असे मात्र नाही. वानखेडे स्टेडियमने 'सचिन, सचिन' हा घोष जगाला ऐकवला. पण त्याच स्टेडियममध्ये मार्च २००६ मध्ये इंग्लंडविरुद्धच्या कसोटीत सचिन तेंडुलकर अवघी एक धाव काढून बाद झाला, तेव्हा काही प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. मुंबईच्या मुलाची, मुंबईत! १ एप्रिल २०२४ रोजी मुंबई इंडियन्सचा नवा कर्णधार हार्दिक पंड्या नाणेफेकीसाठी मैदानात आला. रोहित शर्माच्या जागी त्याला नेमले, हे लोकांना रुचले नव्हते. हुर्यो इतकी वाढली, की सूत्रसंचालन करणाऱ्या संजय मांजरेकरांना 'नीट वागा' असे प्रेक्षकांना सांगावे लागले. पुढे २९ जूनला बार्बाडोसमध्ये विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात शेवटचे षटक हार्दिकने टाकले आणि भारत सात धावांनी जिंकला. ४ जुलैला विजयी संघ वानखेडेवर आला, तेव्हा त्याच स्टेडियममध्ये 'हार्दिक, हार्दिक' असा गजर झाला. तीन महिन्यांत एवढा बदल! कोणत्या आवाजावर त्याने विश्वास ठेवायचा?

याच मैदानावर ऑक्टोबर २००७ मध्ये याहून वाईट प्रकार घडला. ऑस्ट्रेलियाचा अँड्र्यू सायमंड्स सावळ्या वर्णाचा होता. काही प्रेक्षकांनी त्याच्याकडे पाहून माकडाचे आवाज काढले आणि चाळे केले. पोलिसांनी त्यांतल्या काहींना बाहेर काढले. हुर्यो खेळाची असते. हा अपमान माणसाच्या जन्माचा होता. दोन्ही गोष्टी एका मापाने मोजता येणार नाहीत.

कधीकधी प्रेक्षकांची शांतताही बोलते. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी अहमदाबादला भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात विश्वचषकाचा अंतिम सामना होता. स्टेडियममध्ये ९० हजारांहून अधिक लोक होते. एवढ्या मोठ्या गर्दीला गप्प करण्याइतके समाधान दुसऱ्या कशात नाही, असे ऑस्ट्रेलियाचा कर्णधार पॅट कमिन्स आदल्या दिवशी म्हणाला होता. त्याच्याच चेंडूवर विराट कोहली ५४ धावांवर त्रिफळाचीत झाला आणि निळ्या कपड्यांचा तो समुद्र एकदम स्तब्ध झाला.

पण माझ्या मनात घर करून राहिली ती १९९९ सालची चेन्नई. भारत आणि पाकिस्तान यांच्यातील कसोटी सामना होता. वातावरण तापलेले होते. त्याच महिन्यात हा दौरा होऊ नये म्हणून काहींनी दिल्लीच्या मैदानाची खेळपट्टी उखडली होती. चेन्नईत भारताला जिंकायला २७१ धावा हव्या होत्या. सचिनने पाठदुखी सोसत १३६ धावा काढल्या. तो बाद झाला आणि पाठोपाठ बाकीचे गडीही गेले. भारत १२ धावांनी हरला. त्या दिवशी, ३१ जानेवारीला, रविवार होता. मी तेव्हा लहान होतो. आमच्या घरी रेडिओवर समालोचन चालू होते. शेवटचा गडी बाद होताच अब्बांनी रेडिओ बंद केला आणि ते न बोलता बाहेर निघून गेले. त्यामुळे पुढचे आम्हांला ऐकू आले नाही. चेन्नईचे प्रेक्षक क्षणभर सुन्न झाले, मग उठून उभे राहिले आणि त्यांनी पाहुण्या संघासाठी टाळ्या वाजवल्या. वसीम अक्रमच्या संघाने त्या टाळ्यांत मैदानाला फेरी मारली. दुसऱ्या दिवशी अब्बांनी ती बातमी वर्तमानपत्रातून दोनदा मोठ्याने वाचली. त्यानंतर तीनच आठवड्यांत कोलकात्याला याच दोन संघांचा सामना झाला. तिथे प्रेक्षकांनी गोंधळ घातला, त्यांना बाहेर काढावे लागले आणि उरलेला खेळ रिकाम्या स्टेडियममध्ये पूर्ण करावा लागला. देश एकच आणि संघही तेच होते.

आपल्या भागातल्या माळेगावच्या यात्रेत कुस्त्यांचा फड ज्यांनी पाहिला असेल, त्यांना आवाजाची आणखी एक तऱ्हा ठाऊक असेल. कुस्तीच्या आखाड्यात हलगी कडाडते. अंगावर काटा येतो. पण हलगी कुण्या एका पहिलवानाची नसते. डाव रंगला की ती चढते, आणि ती दोघांसाठी चढते.

पुढच्या वर्षी तो संघ आमच्याकडे, उमरीला आला. मी मुलांना काहीही सांगितले नव्हते. ती माझी चूकच म्हणा. दुसऱ्या डावात आमच्या मुलांनी गोडेतेलाचा एक रिकामा डबा आणला आणि पाहुण्यांची चढाई सुरू झाली की तो बडवायला सुरुवात केली. सरपंचांनी दोनदा खेळ थांबवला. तिसऱ्यांदा मीच उठलो आणि डबा मागितला. डबा बडवणारा सातवीतला मुलगा म्हणाला, "सर, मागच्या वर्षी त्यांनी नव्हता वाजवला?" मला उत्तर सुचले नाही. आमचा मागच्या वर्षीचा चढाई करणारा मुलगा तेव्हा अंगणातच होता. तो माझ्याकडे पाहत होता. त्याच्या चेहऱ्यावरून त्याला डबा वाजायला हवा होता की नको होता, ते मला कळले नाही. मी डबा घेतला आणि पायाशी ठेवला.

मग पाहुण्यांचा गडी आला. बारीक चणीचा मुलगा होता. त्याचा आवाज नुकताच फुटू लागला होता. 'कबड्डी, कबड्डी, कबड्डी...' साऱ्या मैदानाला तो दम ऐकू येत होता. त्या एका चढाईत त्याने आमचे दोन गडी बाद केले. सामना आम्ही दोन गुणांनी हरलो.

तो डबा आमच्या क्रीडा साहित्याच्या कपाटात आहे. त्यात मी शिट्ट्या ठेवतो.

शब्दार्थ
प्रेक्षक : तमाशाई. निर्णय : फैसला. तीव्रता : शिद्दत. गलका : शोर. प्रतिपक्ष : मुखालिफ टीम. हुर्यो उडवणे : आवाजे कसना. स्तब्ध होणे : खामोश रह जाना. थबकणे : ठिठकना. चण : जिस्म की बनावट. फड : दंगल.

स्वाध्याय
१. सरपंचांनी लेखकाच्या संघातील मुलाला बाद का दिले? तो निर्णय तुम्हांला योग्य वाटतो का?
२. प्रेक्षक ४ मीटरवर असेल आणि नंतर तो ३२ मीटरवर गेला, तर आवाज किती डेसिबलने उतरेल?
३. 'आकाश डोक्यावर घेणे' आणि 'अंगावर काटा येणे' हे वाक्प्रचार स्वतःच्या वाक्यांत वापरा.
४. सातवीतल्या मुलाच्या प्रश्नाला तुम्ही काय उत्तर दिले असते? पाच-सहा वाक्यांत लिहा.