डीएनएची चौपेडी घडी

प्रश्न : डीएनए दोन पेडांचा असतो, असे शाळेत शिकलो. आता वाचतो की आम्लता वाढली की त्याची चार पेडांची घडी पडते. हे खरे का? मग लिंबू-चिंच खाल्ल्यावर काय होत असेल?

उत्तर : लिंबू-चिंच खुशाल खा. रक्ताचा सामू, म्हणजे पीएच, शरीर ७.३५ ते ७.४५ च्या दरम्यान राखते. ताटातला आंबटपणा पेशीच्या केंद्रकापर्यंत पोचत नाही.

घडीची गोष्ट मात्र खरी आहे. तिला आय-मोटिफ म्हणतात. १९९३ मध्ये गेहरिंग, लरुआ आणि गेरों या संशोधकांनी फ्रान्समध्ये ती उलगडली.

नेहमीच्या डीएनएत सायटोसिन या घटकाची जोडी ग्वानिन या घटकाशी जमते. आय-मोटिफमध्ये ती सायटोसिनशीच जमते, आणि आम्लता लागते ती इथे. दोन सायटोसिन समोरासमोर आले की मधल्या जागी दोघांकडेही काजच असते, बटण कुणाकडेच नसते. आम्लता वाढते म्हणजे भोवतीचे हायड्रोजन आयन वाढतात. त्यातला एक आयन एका सायटोसिनला चिकटतो आणि बटणाचे काम करतो. मग तीन हायड्रोजन बंधांची भक्कम जोडी तयार होते. सायटोसिनच्या ओळी असलेला एकच पेड तीनदा वळून असे चार पदर आपल्यातच गुंफू शकतो.

म्हणून जितके आंबट तितकी घडी पक्की, असे मात्र नाही. आम्लता फारच वाढली तर दोन्ही सायटोसिनना आयन चिकटतात. दोघांवरही धनभार आला की ते एकमेकांना दूर लोटतात आणि घडी सुटते. निम्म्यांवर आयन आणि निम्मे मोकळे, ही स्थिती साधारण ४.५ सामूच्या आसपास येते.

केंद्रकाचा सामू मात्र सातच्या थोडा वर असतो. त्यामुळे ही रचना परीक्षानळीपुरतीच, असा समज बरीच वर्षे होता. पण सायटोसिनच्या ओळी लांब असल्या तर घडी जवळजवळ उदासीन सामूलाही टिकते. २०१८ मध्ये सिडनीच्या गारवन इन्स्टिट्यूटने खास प्रतिपिंड वापरून मानवी पेशींच्या केंद्रकांत आय-मोटिफ दाखवून दिले.

आपल्याकडेही यावर सुरेख काम झाले आहे. बेंगळुरूच्या एनसीबीएस या संशोधन संस्थेत यमुना कृष्णन यांच्या गटाने २००९ मध्ये या घडीपासून 'आय-स्विच' बनवला. पेशीतल्या आम्लधर्मी पिशव्यांत तो मिटतो, त्यावरचे दोन चमकते रंग जवळ येतात आणि प्रकाशाचा रंग बदलतो. त्यावरून जिवंत पेशीच्या आतला सामू मोजता येतो.