दहा तास की दहा रात्री?

३ जून २०२० हा दिवस कोकणातली माणसे विसरणार नाहीत. त्या दिवशी दुपारी 'निसर्ग' नावाचे चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर धडकले. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर होता. श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा, मंडणगड, दापोली या भागांत माड आणि पोफळी आडव्या झाल्या. घरांवरची कौले आणि पत्रे उडाले. विजेचे खांब हजारोंनी मोडून पडले.

वादळ काही तासांत निघून गेले. वीज मात्र काही तासांत परत आली नाही. कित्येक गावांत ती यायला आठवडे लागले.

वीज म्हणजे नुसता दिवा नव्हे. वीज गेली, की विहिरीवरचा पंप थांबतो. नळ कोरडा पडतो. पिठाची गिरणी बंद होते. फोन मुका होतो. गावाबाहेरच्या मोबाइलच्या टॉवरलाही वीज लागते. त्याची बॅटरी संपली, की फोन भरलेला असूनही बोलता येत नाही.

असे संकट पुन्हा आले तर काय करावे? समजा, किनाऱ्यावरच्या एका गावात हे ठरवण्यासाठी माणसे शाळेच्या ओट्यावर जमली आहेत. त्यांत दुकानदार तात्या आहेत, सरपंच वहिनी आहेत, आशाताई आहेत. वायरमनदादाही आले आहेत. त्यांचे बोलणे आपण ऐकू या.

आधी पाणी

तात्या म्हणाले, "माझं तर ठरलंय. यंदा जनरेटर आणतो. म्हणजे कटकट मिटली."

वायरमनदादा हसले. "आणा की तात्या. पण तो पेट्रोल पितो. वादळात रस्त्यावर झाडं पडली, की पेट्रोल कुठनं आणाल? आणि पेट्रोल पंपसुद्धा विजेवरच चालतो."

"मग काय करावं म्हणता?"

"आधी गरज मोजा. मग यंत्र घ्या. सांगा बरं, वीज गेली तर पहिली अडचण कसली?"

"पाण्याची!" बायका एकदम म्हणाल्या.

खरेच आहे. पूर्वी प्रत्येक विहिरीवर रहाट होता. पंप आला आणि रहाट अडगळीत गेला. दोर कुजला, पोहरा फुटला. विहिरीत पाणी आहे, पण ते वर काढता येत नाही, अशी मग पाळी येते. म्हणून पावसाळ्यापूर्वी रहाट दुरुस्त करावा. नवा दोर आणून ठेवावा. वाडीतला हातपंप चालतो की नाही, ते पाहावे. वादळाची सूचना मिळताच पिंप, हंडे, कळशा भरून ठेवाव्यात.

वादळानंतर विहिरीत पाने, चिखल, घाण पडते. ते पाणी फडक्याने गाळावे आणि चांगली उकळी आणून मगच प्यावे. या कामाला वीज लागत नाही. लागते ती तयारी.

औषधाचे काय?

सरपंच वहिनी म्हणाल्या, "आमच्या सासूबाई इन्सुलिन घेतात. फ्रिज बंद पडला तर औषध वाया जाईल ना?"

आशाताई म्हणाल्या, "घाबरू नका वहिनी. जी बाटली वापरायला काढली आहे, ती बहुतेक वेळा फ्रिजबाहेरही सुमारे २८ दिवस चालते. मात्र ती ३० अंशांवर तापता कामा नये. उन्हात, चुलीजवळ ठेवायची नाही. न उघडलेल्या बाटल्या मात्र गार जागीच हव्यात. प्रत्येक औषधाचा नियम त्याच्या खोक्यातल्या कागदावर छापलेला असतो. आता तुम्हाला वाचता येतं. वाचा आणि दवाखान्यात विचारून खात्री करून घ्या."

"आणि गार जागा आणायची कुठनं?"

"मातीच्या मडक्यात ओली वाळू घाला. वाळूत झाकणाचा डबा रोवा. डब्यात बाटली ठेवा. पाणी आत जाऊ देऊ नका. कोरड्या हवेत असं मडकं चांगलं गार राहतं. आपल्याकडच्या दमट हवेत थोडं कमी. बर्फ मिळाला, तर बाटली थेट बर्फाला लावायची नाही. इन्सुलिन गोठलं की ते फेकून द्यावं लागतं."

आणखी एक गोष्ट. वीज गेल्यावर फ्रिजचे दार उगाच उघडू नये. दार बंद राहिले, तर आत सुमारे चार तास गारवा टिकतो.

ज्यांच्या घरी प्राणवायूच्या यंत्रावर रुग्ण आहे, त्यांनी तर थांबूच नये. वादळाची सूचना येताच रुग्णाला तालुक्याच्या रुग्णालयाजवळ हलवावे, किंवा प्राणवायूचा भरलेला सिलिंडर आधीच घरी आणून ठेवावा.

कणगीतले धान्य

एक तरुण म्हणाला, "दादा, आमच्याकडे इन्व्हर्टर आहे. आम्हाला काय चिंता?"

वायरमनदादा म्हणाले, "इन्व्हर्टर वीज तयार करत नाही रे. तो साठवलेली वीज देतो. लाइन असते तेव्हा बॅटरी भरते, लाइन गेली की रिकामी होते. ती म्हणजे कणगी समज. कणगीत धान्य आहे तेवढंच. आठ दिवसांत खा, नाहीतर महिना पुरव."

मग त्यांनी फळ्यावर हिशेब मांडला. तो आपणही पाहू.

घरोघरी असते ती बॅटरी १२ व्होल्टची आणि १५० अँपिअर-तासांची धरू. १२ ला १५० ने गुणले, की १,८०० होतात. म्हणजे बॅटरीत १,८०० वॅट-तास वीज आहे. पण काही वीज वाया जाते. बॅटरी पार रिकामी करणेही बरे नव्हे, तिचे आयुष्य कमी होते. म्हणून हाती १,२०० धरा.

आता खर्च पाहा. जुना छताचा पंखा ताशी ७५ खातो. ९ वॅटचे चार एलईडी दिवे ३६ खातात. इन्व्हर्टर स्वतः चालू राहायला थोडे घेतो, ते १२ धरा. बेरीज झाली १२३. म्हणजे साधारण दहा तासांत कणगी रिकामी.

आता दुसरा हिशेब. पंखा बंद. दोनच दिवे, म्हणजे १८. इन्व्हर्टरचे १२. बेरीज ३०. रात्री चारच तास दिवे लावले, की १२० झाले. उरलेल्या वेळी इन्व्हर्टर बटणाने पूर्ण बंद. मग १,२०० भागिले १२० किती?

"दहा!" मुले ओरडली.

"दहा रात्री. बॅटरी तीच. एकाला दहा तास पुरली, दुसऱ्याला दहा रात्री."

तात्या फळ्याकडे बघतच राहिले.

बॅटरी मोकळ्या हवेत ठेवावी. भरताना तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो. तिच्याजवळ काडी ओढू नये, विडी पिऊ नये. आतले पाणी कमी झाले, तर बॅटरीसाठी मिळते ते शुद्ध पाणीच घालावे. नळाचे पाणी चालत नाही.

उन्हाची वीज

"मग सोलर बसवलं तर?" वहिनींनी विचारले.

"चांगलंच. पण नीट विचारून घ्या. छतावरचं जे सोलर लाइनला जोडलेलं असतं आणि ज्याला बॅटरी नसते, ते लाइन गेली की आपोआप बंद होतं. भर उन्हातसुद्धा. तशी सोय मुद्दाम केलेली असते."

"ती कशाला?"

"ते पुढे सांगतो. अंधारात उपयोगी पडायचं, तर बॅटरीसह सोलर हवं. आणि पावसाळी ढगांत ते उन्हातल्या पावपटही वीज देत नाही कधीकधी. गरिबाघरी एक सौर कंदील असला, तरी पुष्कळ. काहींत फोन भरायचीही सोय असते."

वादळाच्या आदल्या दिवशी फोन, विजेऱ्या, सौर कंदील सगळे भरून ठेवावे. सेलवर चालणारा रेडिओ घरात असावा. टॉवर बंद पडला, तरी रेडिओवर बातमी कळते. मेणबत्ती किंवा चिमणी लावावीच लागली, तर मच्छरदाणीपासून दूर ठेवावी, आणि झोपताना विझवावी.

जनरेटरचे दोन धोके

आता वायरमनदादा उभे राहिले. त्यांचा आवाज बदलला.

"तात्या, जनरेटर जरूर घ्या. चार घरांत मिळून घेतलात, तर पंप चालेल, सगळ्यांचं पाणी भरेल, फोन भरतील. रोज दोन तास पुरे. पण दोन गोष्टी ऐका.

"पहिली, त्याचा धूर. त्यात एक विषारी वायू असतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस झोपेतच जातो. म्हणून जनरेटर घरात नको, पडवीत नको, खिडकीखालीही नको. पाऊस आहे म्हणून आत ओढू नका. घरापासून वीस फूट लांब, वेगळं छप्पर करून ठेवा. पेट्रोल घालायचं, तर यंत्र बंद करून, थंड होऊ द्या.

"दुसरी गोष्ट माझ्या जिवाची आहे. काहीजण जनरेटरची वायर सरळ घरातल्या प्लगात खुपसतात. मग ती वीज मीटरमधून उलटी लाइनवर जाते. डीपीवर पोचते. डीपी एरवी अकरा हजार व्होल्टचे दोनशेतीस करते. उलटी वीज आली, की ती दोनशेतीसचे पुन्हा अकरा हजार करते. आम्ही लाइन बंद आहे असं समजून खांबावर चढलेले असतो. लाइन गेल्यावर सोलर आपोआप बंद होतं, ते याचसाठी."

ओट्यावर कोणी बोलेना.

थोड्या वेळाने तात्या म्हणाले, "मग जोडायचा कसा?"

"चेंजओव्हर स्विच बसवून. एका वेळी एकच बाजू चालू, लाइन तरी नाहीतर जनरेटर तरी. परवाना असलेल्या माणसाकडूनच बसवून घ्या."

तात्या म्हणाले, "आधी स्विच बसवीन, मग जनरेटर आणीन."

ध्यानात ठेवा

१. पडलेल्या तारेला हात लावू नये. वीज गेलेली असली, तरी ती जिवंतच समजावी. मुलांना, गुरांना दूर ठेवावे. १९१२ या क्रमांकावर कळवावे.

२. आधी पाणी आणि औषध. मग उजेड आणि फोन. पंखा सर्वांत शेवटी.

३. साठवलेली वीज कणगीतल्या धान्यासारखी मोजून वापरावी.

४. जनरेटर घराबाहेर ठेवावा. स्विचशिवाय जोडू नये.

सांगा पाहू

१. तुमच्या विहिरीवर रहाट आहे काय? त्याचा दोर केव्हा बदलला?

२. तुमच्या घरात किती दिवे आहेत? त्यांवर किती वॅट लिहिले आहे, ते वाचून बेरीज करा.

३. वरच्या बॅटरीवर एकच दिवा रोज चार तास लावला, तर ती किती रात्री पुरेल? इन्व्हर्टरचे १२ धरायला विसरू नका.

४. तुमच्या वाडीत कोणाच्या घरी औषधासाठी फ्रिज लागतो? वीज गेली, तर त्यांना मदत कोण करील? आजच ठरवा.